छपरावरचा लांब हात

मी क्रेन बोलतेय. पिवळी, एका पायावर उभी, बांधकामापेक्षा कायम थोडी उंच. रस्त्यातून जाताना मान वर करून "ही पडली तर?" असं म्हणत तुम्ही भराभर पाय उचलता ना, तीच मी. जे सांगायचं ते घाईनेच सांगते. एका जागी गप्प राहणं माझ्या स्वभावातच नाही.

मी जन्मले तीच तुकड्यातुकड्यांनी. खांबाचे चौकोनी तुकडे, पुढचा लांब हात, मागचा आखूड हात, त्यावर लटकवलेली काँक्रीटची वजनं आणि मानेजवळ काचेची केबिन. ट्रकमधून आणून मला या भागात जोडलं, तेव्हा भोवती बैठी घरं होती, दुकानं होती, मध्येमध्ये तीनमजली इमारती होत्या. माझ्यासारख्या दूरवर दोघीतिघीच. आता जिकडे बघावं तिकडे आमचेच हात. खाली इमारत वाढते, तसा माझ्या खांबात नवा तुकडा घालतात आणि मी वर सरकते. मी वर गेले की इमारत पुन्हा मागे लागते. असा आमचा पाठशिवणीचा खेळ.

माझ्या केबिनमध्ये बसणाऱ्याला सगळे पायलट म्हणत. जमिनीवर हा माणूस तोंडातून शब्द काढायचा नाही, पण वर आला की माझ्याशी अखंड बडबड. खालून त्याला वॉकीटॉकीवर सूचना द्यायचा तो भोंगा, हेही टोपणनावच. भोंग्याला त्या यंत्राची गरज काय होती, देव जाणे. नुसता बोलला असता तरी शेवटच्या मजल्यावर ऐकू आलं असतं.

पायलट राहायचा समोरच, रस्त्यापलीकडच्या तीनमजली इमारतीत वरच्या मजल्यावर, आईबरोबर. त्या ओळीतली बाकी घरं पाडून झाली होती, ही एकच तग धरून होती. दुपारी स्वयंपाक झाला की आई गॅलरीत येऊन लाल टॉवेल झटकायची. पायलट लगेच माझा हूक थोडा खाली-वर करायचा.

"अरे, कुणी हलवायला सांगितलं?" भोंगा ओरडायचा.

"आईला सलाम केला रे. तुला नाही केला."

त्या आईला माझी भीती वाटायची. दिवसा नाही, काम थांबल्यावर. आमच्यात रीत अशी की, काम संपलं की फिरण्याचा ब्रेक सोडून चालकाने खाली उतरायचं. मग वारा जिकडे वाहील तिकडे माझा हात आपोआप वळतो. एखाद्याला वाऱ्यावर सोडणं तुम्ही वाईट समजता, मला मात्र तेच मानवतं. वारा बहुतेक आमच्या मागच्या मैदानाकडून यायचा आणि माझा हात नेमका आईच्या छपरावर जाऊन थांबायचा.

आई काय म्हणाली ते पायलट दुसऱ्या दिवशी मला सांगायचा, तिच्या आवाजाची नक्कल करून. "आली बघ पुन्हा डोक्यावर! माणसं गेली घरी आणि ही बया एकटीच फिरतेय. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. बांधून ठेव की तिला!"

"तसं करत नाहीत, आई."

"का करत नाहीत? एवढी पोलादाची, आणि तिला एक दिवस गप्प उभं राहता येत नाही?"

रोज उठून तेच. शेवटी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पायलटने माझा हात रस्त्याच्या रेषेत वळवला, छपरापासून दूर. आणि ब्रेक लावला. "एकच दिवस हं," तो मला म्हणाला. "म्हातारीला जरा झोप लागू दे." मला आवाज असता तर मी किंचाळले असते. इतकी वर्षं हेच काम करणारा माणूस, पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मैदानाकडून वारा सुटला. साधासुधा नाही, पत्रे उडवणारा. मला वळायचं होतं आणि वळता येईना. माझा हात वाऱ्याला आडवा, त्यामुळे सगळा मारा अंगावर. बोल्ट करकरू लागले. खांब पिळवटला. मी झुकत होते ती आईच्या घराकडेच.

पायलट गॅलरीत आला, त्याने एकदा वर पाहिलं आणि तसाच खरकट्या हाताने जिना उतरून धावला. सुट्टीतही राखणीला थांबलेला भोंगा फाटकाशी उभा होता. "वेडा झालास का? या वाऱ्यात वर जातोस?"

"ब्रेक लावलाय मी! तो वरूनच सुटतो. तू आईला खाली आण, आधी आईला आण!"

शिडी माझ्या खांबाच्या आतून जाते. तो चढत होता आणि मी थरथरत होते. खाली भोंगा जीव तोडून ओरडत होता, "आई, बाहेर या! क्रेन पडेल!"

"माझा मुलगा वर चाललाय आणि मी पळून जाऊ?" आईने गॅलरीचा कठडा धरला तो सोडलाच नाही.

पायलट केबिनमध्ये शिरला तेव्हा त्याला धड श्वासही घेता येत नव्हता. "सोडतो गं, सोडतो," म्हणत त्याने ब्रेक मोकळा केला. मी गर्रकन फिरले आणि थेट आईच्या छपरावर जाऊन स्थिरावले. वारा आता माझ्या अंगावरून सरळ निघून जात होता. आईने डोक्यावर आलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि जोरजोराने झटकला. पायलटला हूक हलवायचं भान नव्हतं. काचेला कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडत होता.

"फिरते म्हणून उभी राहते होय ती?" आई नंतर म्हणाली. "मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?" त्यानंतर तिने माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

इमारत पूर्ण झाली. वरच्या मजल्यांवर माणसं राहायला आली आणि उंचावरून सगळं दिसतं म्हणून हौसेने घेतलेल्या घरांना त्यांनी जाड पडदे लावले. गच्चीवर एक छोटी क्रेन बसवून तिच्याकडून मला तुकड्यातुकड्यांनी उतरवलं. तेव्हापासून मी कंपनीच्या या आवारात पडून आहे. माझ्यातून गवत उगवलंय. वारा येतो, पण माझं काहीच वळत नाही. जीव नुसता कासावीस होतो.

काल पायलट माझे बोल्ट तपासायला आला, बरोबर आई. त्यांची इमारतही आता पाडणार आहेत, आणि त्या जागी उभी राहणार आहे मी, केबिनमध्ये पुन्हा पायलटच. ते दोघं पार टोकाच्या वस्तीत राहायला चाललेत.

आईने माझ्या गंजलेल्या हातावर हात ठेवला. "माझ्या गॅलरीच्या जागी उभी राहणार म्हणे तू." मग मुलाकडे वळून म्हणाली, "का रे, हिच्यावरून आपलं नवं घर दिसेल?"

"दिसेल की."

"मग मी टॉवेल झटकत जाईन."

पायलट खोटं बोलला. मधे उंच इमारतींच्या रांगा आहेत, आणि माझ्याच बहिणी त्या रोज आणखी उंच करतायत. हे मला माहीत आहे, त्यालाही आहे. तरी तुम्हाला हात जोडून सांगते, मला लवकर उभी करा. ब्रेक मोकळा ठेवा आणि चढवत राहा, त्या सगळ्यांच्या वर. तिकडे दुपारी एक म्हातारी टॉवेल झटकत उभी असेल, आणि आम्हाला तिला सलाम करायचाय.