सूत्राबाहेरचा खांदा

सुमनबाई गांगुर्डेंच्या विशाखाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा इंचभर खाली होता. जन्मापासूनच. दुखत नव्हता, खुपत नव्हता; झाडावर चढायला तर तो डाव्यापेक्षा सरस होता. अडचण एवढीच, की मेनरोडवरून आणलेला तयार फ्रॉक तिच्या अंगावर टिकत नसे. शाळेत पोचेपर्यंत गळा उजवीकडे ओघळलेला असे. दुकानदार फ्रॉकची पुन्हा घडी घालत म्हणे, माल चांगला आहे ताई, मुलीचं बघा. शेजारच्या सुलाबाईंनी ते बघितलंही. पाण्याची कळशी पोरीच्या डाव्या खांद्यावर देत जा, म्हणाल्या, म्हणजे तो दबून उजव्याच्या बरोबरीला येईल. फ्रॉकसाठी मुलगी दुरुस्त करायची, याबद्दल कॉलनीत फारसा मतभेद नव्हता.

सुमनबाईंना मात्र फ्रॉक दुरुस्त करणं सोपं वाटलं. त्यांनी जुनं पायमशीन घेतलं आणि द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानाच्या माडीवर कुलथेबाईंचा शिवणक्लास भरे, तिथे नाव घातलं. हात बसल्यावर पुढचा विचार आला. महिला मंडळाला शिवणशिक्षिका हवी होती, पण सर्टिफिकेटवाली. म्हणजे परीक्षा आली. आठ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक शिवायचा आणि मुलगी सोबत नेऊन परीक्षकांसमोर तिला घालून दाखवायचा. विशाखा आठाचीच होती. आईबरोबर आपणही परीक्षेला बसणार, हे तिने त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं.

कुलथेबाईंची श्रद्धा सूत्रावर होती. छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, छातीचा बारावा भाग गळा, आणि आधी घडी मग कात्री. कापड दुमडून अर्धाच फ्रॉक कापायचा. उलगडला की पुरा. दोन्ही बाजू आपोआप सारख्या. बाजू मुळातच सारख्या नसतील तर काय करायचं, असं सुमनबाईंनी विचारलं तेव्हा कुलथेबाईंनी दाराशी उभ्या विशाखाकडे पाहिलं आणि उत्तर म्हणून शकीलाचं नाव घेतलं.

शकीला ही खाली टायरवाल्याला लागून बटण-दोऱ्यांचं दुकान असलेल्या इसाकभाईंची मुलगी, तीही आठाचीच. छाती, खांदा, गळा, सगळं पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखं. क्लासमध्ये तिला सूत्राची पोर म्हणत. बाकीच्या पाचही जणींनी परीक्षेसाठी तिलाच सांगून ठेवलं होतं.

"तुम्हीही तिलाच न्या," कुलथेबाई म्हणाल्या. "स्वतःची मुलगी नेऊन कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"तिने गल्लीत सांगितलंय बाई," सुमनबाई म्हणाल्या.

दिवाळीत मापं घेतली गेली. परीक्षा होळीनंतर होती. मधल्या काळात पुन्हा मापं घ्यायला कुलथेबाईंची सक्त मनाई होती. सारखी मापं घेतली की मूल बदलतं, असा त्यांचा अनुभव होता. शकीला ऐन वेळी रुसू नये म्हणून पाचही जणी तिला जपू लागल्या. कुणी पेढे आणी, कुणी चिवडा, कुणी साजूक तुपातला शिरा. एकीला दुसरीचं कळू नये म्हणून प्रत्येकीने गुपचूप आणला. आपली लेक घरी जेवत का नाही, या काळजीने तिची आई माजिदा तिला रात्री बळंबळं खिमा-पाव भरवी.

सुमनबाईंनी घडी घातलीच नाही. कापड सपाट पसरून त्यांनी उजवी बाजू वेगळी आखली, डावी वेगळी. उजवा खांदा वरून इंचभर खाली घेतला, खालचा काठ मात्र दोन्हीकडे एका रेषेत ठेवला. विशाखा न कंटाळता उभी राही.

परीक्षक गळ्यात टेप घालून आले. त्यांनी पाच फ्रॉक एकेक करून टेबलावर मधोमध दुमडले. काठाला काठ जुळला. मग शकीलाला बोलावलं. पहिल्या फ्रॉकचं पाठीवरचं एकही बटण लागेना. दुसऱ्यात तिचा हात अडकला. फ्रॉक उसवून सैल करायलाही जागा नव्हती. शिवणीत राखलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, आणि अर्ध्या इंचाहून जास्त माया ठेवली की परीक्षेत गुण कापत. पाचव्या फ्रॉकच्या वेळी शकीला स्वतःच पाठ उघडी करून उभी राहिली.

परीक्षकांनी बराच विचार केला. "फ्रॉक बरोबर आहेत," ते म्हणाले. "मूल चुकलंय."

पाचही जणी पास झाल्या.

मग विशाखा पुढे झाली. गळा जागच्या जागी, खालचा काठ चहूबाजूंनी सरळ रेषेत. परीक्षकांनी तिला गोल फिरवलं आणि समाधानाने मान हलवली. मग फ्रॉक उतरवून घेतला, टेबलावर दुमडला. एक खांदा दुसऱ्याच्या खालून बाहेर डोकावू लागला.

मुलीचा खांदा उतरता आहे, सुमनबाईंनी सांगितलं.

"मुलीचा असेल हो. सूत्रात कुठंय?"

घरी येताना विशाखाने एकच विचारलं, "आई, मी नापास झाले का?"

"तू नाही. फ्रॉक झाला."

पण तो फ्रॉक तर छान बसला होता, एवढं तिला कळत होतं, आणि आईला सर्टिफिकेट हवंय हेही. पुढची परीक्षा दसऱ्यानंतर लागली तेव्हा ती आपणहून म्हणाली, "या खेपेला मला ताप आलाय असं सांग."

सुमनबाईंनी घडी घातली, सूत्राबरहुकूम कात्री चालवली आणि एकट्या गेल्या. मूल आजारी असल्याने काम फार सुरळीत झालं. पहिला वर्ग मिळाला, महिला मंडळाची नोकरीही मिळाली. सोमवारपासून त्यांना हेच सूत्र शिकवायचं होतं.

राहिला तो पहिल्या वर्गाचा फ्रॉक. गल्लीतल्या पोरींना घालून पाहिला; एकीला काखेत काचला, दुसरीला गळ्यात ढगळ झाला, तिसरी त्यात शिरलीच नाही. अखेर विशाखाने तो मशीनवर झाकण म्हणून चढवला. चाकाच्या बाजूला फ्रॉक वर अडला, सुईच्या बाजूला घसरून लोंबू लागला.

विशाखा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आई, याचापण खांदा उतरताय."

सुमनबाईंनी फ्रॉक काढून घेतला आणि कात्रीच्या टोकाने खांद्याची शिवण उसवायला बसल्या.

"इंच किती ते मोज," त्या म्हणाल्या. विशाखाने टेप घेतली आणि मशीनला सरळ उभं राहायला सांगितलं.