जिजाबायचा अंगठा

अल्पेशनं फॉर्म झेरॉक्सवाल्याच्या काचेवर आपटला. "आता पुरोहित कुठून आणू? सहा वर्षं झाली लग्नाला!"

झेरॉक्सवाल्याला असल्या गिऱ्हाइकांची सवय झाली होती. विवाह नोंदणीची मोहीम निघाल्यापासून दिवसाला पाच-सहा जोडपी त्याच्यापुढे येऊन वैतागत असत. त्यानं फॉर्म उचलून पाहिला. दोघांचे फोटो, तीन साक्षीदार, सोबत लग्नपत्रिका, सगळं जागच्या जागी. फक्त 'विवाह लावणाऱ्या पुरोहिताची सही' एवढी चौकट कोरी.

"टेन्शन कायको लेता है? पुढे देवळाजवळ एक महाराज बसतात. दक्षिणा द्या, पाच मिनटात सही."

"चल," अल्पेश बायकोला म्हणाला आणि निघालासुद्धा.

मिनल जागची हलली नाही. शाळा सुटल्यावर तशीच इकडे आणलेली त्यांची लेक भाविका तिच्या ओढणीत तोंड खुपसून उभी होती.

"त्या महाराजांनी कुठं लावलं आपलं लग्न? जिजाबायनं लावलं."

आता हे खरंच होतं, त्याला कोण काय करणार! खारीला मिनलच्या दारात मांडव पडला, मुहूर्त टळायला आला, तरी भटजींचा पत्ता नाही. एका दिवसात तीन लग्नं अंगावर घेऊन ते कुठेतरी अडकलेले. दोन्हीकडचे पुरुष नुसते घड्याळं बघत बसले. शेवटी जिजाबाय उठली. ती धवलारीण, हळदीपासून लग्नाची गाणी म्हणणारी. "भटाची वाट कशाला बगता? तुमच्या आज्याचं लगीन माझ्या आयनं लावलंय," असं म्हणून तिनं अंतरपाट धरायला लावला आणि गात गात लग्न लावून मोकळी झाली. भटजी आले ते थेट पंगतीला.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनीही तेच सांगितलं होतं, ज्यानं लग्न लावलं त्याची सही आणा, लिहिता येत नसेल तर अंगठा. पण जिजाबाय आता लेकीकडे मुर्ध्याला राहत होती. जाऊन येऊन दोन तास. अल्पेशच्या डोक्यात मिनिटं पळत होती. तीन वर्षं मस्कतला एसीचं काम करून आत्ता कुठे कंपनीनं फॅमिली न्यायला परवानगी दिली होती, आणि व्हिसाला लग्नाचा दाखला लागत होता. वीस दिवसांच्या सुट्टीतले पंधरा कागदांमागे धावण्यात गेले, रविवारचं विमान. आज पाचच्या आत फॉर्म गेला तर शुक्रवारी दाखला. नोंदणीला दोघांना हजर राहायला लागतं, म्हणजे आज चुकलं की गेलं सगळं पुढच्या वर्षावर.

"तुला कळतंय का मिनल, काय पणाला लागलंय ते?"

"कळतंय. खोटी सही नको."

तो चरफडत रिक्षात बसला. "भैया, मुर्धा. जरा जल्दी लो ना!"

रिक्षा जल्दीच चालली होती, पण अल्पेशचा पाय थांबेना, गुडघा आपला हलतोय. त्यानं भाविकापुढे हात पसरले. ती आईच्या कुशीत आणखी आत सरकली. हीच पोरगी फोनवर कशी चुरुचुरु बोलायची! आणि पंधरा दिवस झाले, समोर त्याला बघितलं की तोंडाला कुलूप.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"अभ्यास केलास?"

पुन्हा मान. फोनवर याच्यापुढचं ती स्वतःच सांगायची. आता पुढं काय विचारायचं ते त्याला सुचेना, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार राग आला. एकदा तिकडे गेलो की होईल सगळं नीट, एका घरात राहिलो की येईलच की माझ्याकडे, असं तो स्वतःला बजावत राहिला.

जिजाबाय अंगणात सुपात जवळ्याची सुकी मासळी घेऊन निवडत बसली होती. डोळ्यांना फार दिसत नसावं, कारण मिनलनं हाक मारल्यावरच तिनं मान वर केली.

"कोन? खारीच्या धर्माजीची मिनल नं गो तू? ये, ये बाय. नि ह्यो जावय?"

जावयानं उभ्या उभ्याच एका दमात सगळं सांगितलं, मस्कत, दाखला, खिडकी, पाच वाजता. सांगता सांगता शाईच्या पॅडचं झाकणही उघडलं. जिजाबायनं हात पदराला पुसले आणि अंगठा पुढं केला. अल्पेशनं तो धरायला हात लांबवला, तर तिनं मागं घेतला.

"थांब जरा. मिनल, तुला जायाचं हाय का गो तितं?"

"म्हणजे काय आजी, जायचंच आहे!" अल्पेश म्हणाला. "दोन रूमचा फ्लॅट आहे, एसी आहे, खाली सुपरमार्केट..."

"तुला न्हाय इचारलं."

 मिनल सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकत होती, पुन्हा दुसरी उचलत होती. अल्पेश तिच्याकडे बघत राहिला. बोल ना, हो म्हणून टाक ना, असं त्याला ओरडावंसं वाटलं.

जिजाबायनं थोडी वाट पाहिली. मग स्वतःच पॅड ओढून अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाली, "कुटं दाबू, दाव."

त्यानं चौकट दाखवली. अंगठा उमटला, चांगला मोठा, काळा.

"लगीन मीच लावलंय, तवा अंगठा देनं माझं काम. पन हिला कुटं न्यायची, ते काय ह्या कागदात लिवलेलं न्हाय. ते तुमचं तुमी बगा." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल गो छकुले, नलावर पानी ओत माझ्या हातावर."

आणि भाविका गेली. ज्या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं तिचं बोट धरून, मागं वळूनही न बघता गेली.

शाई ओली होती. फॉर्मची घडी करता येईना. कागद दोन्ही हातांत आडवा धरून तो ओट्यावर बसला. त्याच्या हातात आता सगळं होतं, एकही चौकट कोरी नव्हती.

"तुला यायचंय का?" त्यानं विचारलं.

"नाही," मिनल म्हणाली.

"आणि हे तू आता सांगतेस? मग माझ्याबरोबर रांगांमध्ये का उभी राहिलीस? इथंवर कशाला आलीस?"

"लग्न झालंय आपलं. त्याची नोंद मलापण पाहिजे."

"मग फोनवर का नाही बोललीस? दर शुक्रवारी बोलत होतो ना आपण!"

"तू सांगायचास, मी हो म्हणायचे. तुझं फोनचं कार्ड संपत आलेलं असायचं. तेवढ्यात दुसरं काय होतं रे?" तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. "तिकडे तू सकाळी कामावर जाणार नि आम्ही दोघी पुन्हा तुझी वाटच बघणार. इथं निदान दार उघडलं की चार माणसं आहेत. हिला ताप आला तेव्हा शेजारची रात्रभर बसली होती. तुला सांगितलं नाही, घाबरशील म्हणून."

तो उठला. अंगणाच्या टोकापर्यंत गेला, तिथून परत आला, पुन्हा गेला. साडेतीन वाजले होते. अजूनही वेळेत पोचता आलं असतं. मोठ्यानं बोलावं, तीन वर्षं मी तिथं कुणासाठी राबलो ते विचारावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मग मी काय करू?"

मिनलनं डोळे पुसले. "फॉर्म आज देऊन टाकू. पुढचं पुढं बघू. आणि अजून चार दिवस आहेस ना? भाविकाला शाळेत तू सोडत जा."

नळाखाली भाविका दोन्ही हातांनी तांब्या धरून म्हातारीच्या अंगठ्यावर पाणी ओतत होती. शाई काही निघत नव्हती, आणि निघत नाही म्हणून दोघीही हसत होत्या. अल्पेश कितीतरी वेळ तिकडे बघत उभा राहिला. मग तो मिनलकडे वळला. विचारायची त्याला लाज वाटली, पण विचारल्याशिवाय इलाज नव्हता.

"शाळा किती वाजता भरते तिची?"