स्टँडमागची जागा

“अहो एलादिओ, गहू तेवढा तोला. आमचा कप काट्यावर ठेवला तर काटा मोडायचा तुमचा!”

शेजारच्या कोलोनिया ब्रुन गावचा ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता आणि स्वतःच्याच विनोदावर खिदळत होता. ट्रकच्या आरशाला त्यांच्या क्लबचा लाल फडका बांधलेला होता. एलादिओ पेरात्तीने काट्यावरचा आकडा पाहिला, चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली.

“पुढे घे. मागे रांग लागलीय.”

“बोला की काहीतरी! शेवटच्या मिनिटाला गोल खाल्लात तर वाचाच बसली होय?”

“गहू ओला आहे तुझा,” एलादिओ म्हणाला. “वाळवून आणायचा असतो, एवढंही कळत नाही तुम्हा ब्रुनवाल्यांना.”

सकाळपासूनचा हा अकरावा ट्रक. डिसेंबरचा पहिला सोमवार, तिकडच्या उन्हाळ्याची सुरुवात, गव्हाची कापणी ऐन भरात, आणि आदल्याच दिवशी सांता एल्विरा गावाचा एस्त्रेया फुटबॉल क्लब अंतिम सामना आपल्याच मैदानावर हरलेला. जिंकले असते तर वरच्या गटात गेले असते. आता पुन्हा तेच मैदान, तेच संघ, तोच खडखडाट करणारा बसचा प्रवास. कुठल्याही ट्रकवाल्याला गव्हाबद्दल बोलायचं नव्हतं. ब्रुनचे हसत होते, गावातले शिव्या घालत होते, आणि गावातल्यांच्या सगळ्या शिव्या एकाच माणसाच्या नावे होत्या. गोलकीपर फाउस्तो ओविएदो. साधा जमिनीलगत आलेला चेंडू त्याच्या छातीखालून निसटला होता.

एलादिओ कोणाशीच सामन्याबद्दल बोलत नव्हता. सासष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं याच काट्याच्या टपरीत बसलेला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला हार लागली. लागली होतीच. पण खरं म्हणजे त्याला दुसरंच काही डाचत होतं.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. असाच अंतिम सामना, शून्य-शून्य, आणि एलादिओला लघवी लागली. तो प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडच्या मागे गेला. रेल्वेची भिंत आणि निलगिरीची झाडं यांच्यामध्ये उभा असतानाच वर एकच गदारोळ उठला. एस्त्रेयाने गोल मारला होता. तो धावत वर येऊ लागला, तर चिचो न्हाव्याने ढोलाची काठी उगारून त्याला जिन्यातच अडवलं. “खबरदार वर आलास तर! तिथेच थांब!” एलादिओ हसत हसत थांबला. एस्त्रेया विजेता झाला. पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्याला सगळ्यांनी त्याला प्रेमाने, पाठीवर थापा मारत, मागे नेऊन उभं केलं. तेव्हापासून ती त्याची शकुनाची जागा. चिचो दर रविवारी ढोल वाजवायच्या आधी मागे वाकून बघायचा, एलादिओ जागेवर आहे ना, आणि मगच पहिला ठोका द्यायचा. हरलेले सामने कोणी लक्षात ठेवत नसे. तो मागे असताना पडलेले गोल मात्र गावाला तोंडपाठ होते.

या माणसाने आपल्या संघाचा आपल्या मैदानावरचा एकही सामना तीस वर्षांत पाहिला नव्हता. मंगळवारचा सराव पाहायला हरकत नव्हती, तेवढा पाहायचा. रविवारी फक्त ऐकायचा. आवाजावरून त्याला सगळं कळायचं. कोपऱ्यावरून चेंडू येणार असेल तर वरच्या फळ्या करकरायच्या, कारण सगळे उठून उभे राहायचे. फाउस्तोने चेंडू अडवला की आधी एक लांब ‘ओऽ’ आणि मग टाळ्या. त्या आवाजांना चेहरे मात्र नेलिदा द्यायची.

नेलिदा म्हणजे त्याची बायको. ती वर बसायची, तिसऱ्या रांगेत. सामना संपला की घरी जाताना रस्त्यात थांबून थांबून त्याला प्रत्येक गोल सांगायची. कोण कुठून धावला, कोणाचा बूट निघाला, पंचाचं तोंड कसं झालं. घरी येर्बाचं, तिकडच्या कडू चहाचं, पाणी तापेपर्यंत तिचं चालायचं; टेबलावर लिंबं मांडून दाखवायची. एलादिओ म्हणायचा, “माझ्याइतका सामना कोणीच पाहत नाही.” जुलैच्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर घरच्या मैदानावर सात गोल झाले. त्याने चिचोला एकदा विचारलं, “कसा झाला रे तो दुसरा?” चिचो म्हणाला, “कसा म्हणजे? गोल झाला! आत गेला! त्यात सांगायचं काय?”

ते सात गोल एलादिओजवळ नुसते आवाज होऊन पडले होते. काल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, शून्य-शून्य असताना, त्याच्या मनात आलं, आता गोल पडला, आपण विजेते झालो, तर मला कोण सांगणार? आणि पाय आपोआप जिन्याकडे वळले. पाण्याच्या टाकीजवळचा बाजूचा जिना, सर्वात वरची पायरी. सगळ्यांचे डोळे मैदानावर, त्याच्याकडे कोण बघतो? हिरवंगार मैदान, पांढऱ्या सदऱ्यातले आपले, लाल सदऱ्यातले ते. दोनच मिनिटं तो तिथे उभा होता. त्या दोन मिनिटांत त्याने एक गोल पाहिला, तीस वर्षांतला पहिला, आणि तो ब्रुनचा होता.

पुन्हा खाली जाऊन तो झाडांत उभा राहिला, चोरासारखा.

बुधवारी दुपारी फाउस्तोचा ट्रक काट्यावर आला. एस्त्रेयात कोणाला पगार नाही. फाउस्तोही आठवडाभर गहू वाहायचा. छत्तीस वर्षांचा, दाराएवढा रुंद गडी, पण आज सीटवर दुमडून बसल्यासारखा दिसत होता. एरवी उतरून, टपरीत येऊन, येर्बाचे दोन घोट नळीने ओढल्याशिवाय जायचा नाही. आज खिडकीतूनच कागद पुढे केला.

“उतर की. पाणी गरम आहे.”

“नको. कोणी बघितलं तर तुम्हालाही बोलतील.”

“मला काय बोलणार? उतर.”

तो उतरला. पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

“माझ्या फाटकावर रंगाने लिहिलंय,” फाउस्तो म्हणाला. “‘किती घेतलेस?’ असं. बायकोने, रोसानाने दोनदा पुसलं. पाववाल्याने तिच्यासमोर पाव आपटला. एकोणीस वर्षं उभा आहे मी त्या जाळीपुढे, एलादिओ. दोन बोटं मोडली, दात गेला. कोणाला आठवत नाही.”

“गाव आहे. विसरेल.”

“उद्या बैठक आहे. मला काढणार. चिचोने सगळ्यांकडून तसं वदवून घेतलंय. अजून एक मोसम हवा होता हो मला. एकच. पुढच्या वर्षी जिंकू आपण, हा संघ चांगला आहे. जिंकून थांबलो असतो. असं तोंड लपवून नाही.”

एलादिओने त्याचा कागद ओढून त्यावर काट्याचा आकडा लिहिला.

“तुम्ही मागे होतात ना,” फाउस्तोने विचारलं. “तुम्हाला कसं ऐकू आलं ते? चेंडू सुटला तेव्हा?”

“काही नाही,” एलादिओ म्हणाला. “एकदम शांत झालं.”

“हो. मलाही तेच ऐकू येतं. झोपायला गेलो की.”

फाउस्तो गेल्यावर एलादिओला स्वतःची लाज वाटली. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चेंडू सरळ आला होता, वेगही नव्हता, फाउस्तो जरा लवकर खाली पडला आणि चेंडू निसटला. चूक फाउस्तोची होती, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. माणसाच्या हातून होते तशी चूक. पण हे म्हणून काय उपयोग होता? गावाला चूक नको होती, गुन्हेगार हवा होता. आणि गावाला पटेल असा दुसरा गुन्हेगार एकच होता.

गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. काचेच्या कपाटातले दोन कप, वर पंखा, खाली घाम. क्लबच्या अध्यक्ष इर्माबाई, गावातल्या औषधाच्या दुकानाच्या मालकीण, टेबलामागे बसल्या होत्या. फाउस्तो भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या.

“मी सरळ बोलतो,” चिचो उठला. “तो चेंडू माझ्या आजीने अडवला असता. एक तर हा विकला गेला, नाहीतर म्हातारा झाला. दोन्ही असेल तर दोन्ही!”

“चिचो, जिभेला हाड आहे का तुझ्या?” इर्माबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. “आणखी कोणाला बोलायचंय?”

एलादिओ उठला. त्याचे गुडघे वाजले तेही ऐकू आले.

“मी वर आलो होतो,” तो म्हणाला.

“कुठे वर?”

“स्टँडवर. टाकीजवळच्या जिन्याने. वरच्या पायरीवर उभा होतो.”

इर्माबाईंनी चष्मा काढला. “केव्हा?”

“अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला. गोल होईपर्यंत.”

दुसऱ्या कुठल्या गावात लोक हसले असते. इथे कोणी हसलं नाही. चिचोचा डावा हात हळूच पँटच्या खिशात गेला. पनवती समोर आली की अपशकुन टळावा म्हणून तिथला पुरुष मांड्यांमध्ये जिथे हात लावतो, तिथे. मग पुढच्या रांगेतल्या एकाचा गेला, मग त्याच्या शेजाऱ्याचा.

“तीस वर्षं,” चिचो पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “तीस वर्षं तुला सांभाळलं आम्ही तिथे. दोन मिनिटं राहिली होती, एलादिओ. दोन मिनिटं! का?”

का, ते एलादिओला सांगता आलं असतं. लिंबं, येर्बाचं पाणी, तिसरी रांग. पण नेलिदाचं नाव त्याला या हॉलमध्ये आणायचं नव्हतं.

“बघावंसं वाटलं,” तो म्हणाला.

आणि मग फाउस्तो भिंतीपासून सुटला. एलादिओला वाटलं होतं, निदान याला तरी कळेल. ज्याच्या हातातून चेंडू सुटला त्याला तरी ठाऊक असेल ना, चेंडू कसा सुटला ते? तो समोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा झाला होता.

“तुम्ही होतात?” फाउस्तो म्हणाला. “चार रात्री मी माझे हात बघतोय. चार रात्री! म्हटलं, यांना झालं काय? आणि तुम्ही होतात!” मग आवाज चढला. “काल माझ्यासमोर बसून येर्बा पाजलात. विचारलं तुम्हाला मी. तोंडावर सांगितलंत, शांत झालं म्हणून!”

“चुकलं माझं,” एलादिओ म्हणाला.

हे वाक्य बोलताना त्याला जितका थकवा आला तितका चाळीस वर्षांच्या कापण्यांत आला नव्हता. कोणीतरी फाउस्तोच्या खांद्यावर हात टाकला. मग दुसऱ्याने. पाववाला उठून त्याला मिठी मारायला गेला. फाउस्तोला संघात ठेवायचं का, यावर इर्माबाईंनी मत घेतलं आणि सगळे हात वर गेले. एलादिओनेही हात वर केला. तो मोजला गेला की नाही, कळलं नाही.

“एलादिओ,” इर्माबाई शेवटी हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही समजून घ्याल. पुढच्या मोसमात मैदानाकडे...”

“समजलं.”

“मागेही नको,” चिचो म्हणाला. त्याच्याकडे न बघता म्हणाला. “आता मागेही नको.”

उन्हाळा सरला. गावातले ट्रकवाले काट्यावर आता खाली उतरत नसत. कागद खिडकीतून द्यायचे आणि बोटांची टोकं तेवढी पुढे करायचे. नाव कोणी घेत नसे. ‘काट्यावरचा’ म्हणत. ब्रुनचा तो ट्रकवाला मात्र नेहमीसारखाच टवाळी करायचा. त्याला म्हाताऱ्यामुळे कप मिळाला होता, त्याला काय! फाउस्तो आपला गहू, पुढे मका, दुसऱ्या गावच्या काट्यावर तोलून आणायचा. तो रोज सरावाला जातो, बारीक झालाय, पोरासारखा उड्या मारतो, असं कानावर यायचं. एलादिओला बरं वाटायचं. खरोखरच बरं वाटायचं, आणि वाईटही.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी मोसमाचा पहिला सामना होता. चार वाजता. एलादिओने तीनलाच टोपी घातली, पाण्याची बाटली घेतली आणि मैदानाच्या उलट दिशेला, पश्चिमेच्या मातीच्या रस्त्याने चालायला लागला. घरात बसलं असतं तर आवाज आला असता. टपरीतही येतो. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सोयाबीन, वर पोपटांचे थवे. साडेचारला तो पाच किलोमीटरवर होता, पाय दुखत होते, आणि कुठे बसावं याचा विचार करत होता.

तेवढ्यात वारा फिरला.

आधी नुसता ढोल आला, अगदी बारीक. मग लांब ‘ओऽ’ आणि टाळ्या. फाउस्तोने अडवला. एलादिओ जागच्या जागी थांबला. त्याचा ऊर भरून आला, नको म्हणताना आला. मग फळ्या करकरल्या असाव्यात, सगळे उठले असावेत, कारण आवाज तळापासून चढायला लागला, आपल्या माणसांचा, तीस वर्षं पाठीमागून ऐकलेला. आणखी एक क्षण, की तो फुटला असता.

पण नुसतं ऐकलेलंही पनवती म्हणून धरलं जात असेल तर? कोणाला ठाऊक!

त्याने बाटली मातीत टाकली, दोन्ही तळहातांनी कान घट्ट दाबले आणि खाली मान घालून तो भराभर पुढे चालायला लागला.