जेवणाच्या खोलीतला उलटा कागद

मी एक जुना भिंतीचा कागद आहे, मित्रांनो, आणि मी उलटा आहे. स्वभावाने नव्हे हं, स्वभावाने मी अगदी सरळ आहे. पण मला भिंतीवर चिकटवलं ते डोकं खाली आणि पाय वर करून. त्यामुळे गेली तीस-बत्तीस वर्षं मी ही जेवणाची खोली उलटी पाहत आलो आहे. टेबल छताला टांगलेलं, दिवा जमिनीतून उगवलेला, आणि वाढताना सूप पळीतून वर वर जाणारं. एकदा सवय झाली की यात काही वावगं वाटत नाही. खरं सांगायचं तर सरळ पाहणाऱ्यांची मला थोडी कीवच येते.

माझा जन्म एका कागदाच्या कारखान्यात झाला. मोठमोठे रूळ फिरत होते आणि मी त्यांच्यामधून हळूहळू पुढे सरकत होतो. आधी माझ्या अंगावर धुकं आलं, मग तळ्याचं निळसर पाणी, मग काठावरची लव्हाळी, आणि सगळ्यांत शेवटी होडी. प्रत्येक होडीत एक कंदील. कंदिलाचा पिवळा रंग कालवणारी बाई डब्यात काठी फिरवता फिरवता डुलक्या घ्यायची. मुकादम ओरडायचा, "बाई, रंग जागा आहे, तुम्ही झोपलात!" त्यामुळेच की काय कोण जाणे, आमच्या कंदिलांचा पिवळा जरा पेंगुळलेलाच उतरला.

मग मी दुकानात गेलो. तिथे फळीवर गुंडाळी होऊन किती महिने पडून राहिलो, ते मला सांगता येणार नाही. गुंडाळीच्या आत सारखी संध्याकाळच असते. होड्या एकमेकींवर टेकून झोपतात.

एके दिवशी दुकानात एक टेलरमास्तर आले. गळ्यात मोजपट्टी, कानामागे पेन्सिल, आणि बोटाला धरलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी. ती एका जागी क्षणभर उभी राहत नव्हती, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. मास्तर दुकानदाराला म्हणाले, "पांढरा सोडून काहीही दाखवा."

त्याचं कारण मला पुढे कळलं. भिंगरीची आई छातीच्या आजाराने सात महिने दूरच्या इस्पितळात होती. आजार हटला होता, पण तिची भूकच मेली होती. तिने पत्रात लिहिलं होतं, "इथे समोर पांढरी भिंत असते. ती बघत बसलं की घास तोंडातच फिरतो." डॉक्टरांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं होतं, "औषधांचं काम झालं. आता घरी न्या आणि जेवायला घाला. महिनाभरात अंग धरलं नाही, तर मात्र परत इथेच आणावं लागेल." आणि घरच्या जेवणाच्या खोलीतही चारी बाजूंनी चुन्याच्या पांढऱ्याफटक भिंती! मास्तरांची झोप उडाली होती, ती यामुळे.

भिंगरीने आमच्या होडीवर बोट ठेवलं आणि काम झालं. दुकानदार म्हणाला, "मास्तर, एक गुंडाळी जास्त न्या. शेवटचाच माल आहे, पुन्हा मिळायचा नाही." मास्तर हसले. "पंचवीस वर्षं माणसं मोजतोय. माझं माप चुकत नाही."

मित्रांनो, मास्तरांचं माप चुकलं नाही. चुकली ती त्यांची सवय.

घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? आईची खुर्ची तिच्या जागी ठेवली. समोरच्या भिंतीजवळ गेले, मोजपट्टी लावली, डोळे मिटून मनाशी काही आकडेमोड केली आणि पेन्सिलीने भिंतीवर एक आडवी रेघ ओढली. रेघेखाली बारीक अक्षरांत चार शब्द लिहिले. भिंगरी तेव्हा स्वयंपाकघरात खळ ढवळत होती. ती रेघ तिने पाहिली नाही. मी पाहिली, कारण मी समोरच टेबलावर पसरलेलो होतो.

गुंडाळीतून कापलेला पहिला पट्टा तो मीच. मला पाठीवरून खळ लावली. आता कोणीही काय करेल? दोन्ही हातांनी अलगद उचलेल. मास्तरांनी मला उचललं आणि कापड झटकावं तसं सटकन झटकलं! ओला कागद तो, वरच्या टोकाकडून हातभर फाटलो. मास्तर "अरेरे" म्हणाले, त्यांनी मला हळुवार पुसलं आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं. माझ्या जागी दुसरा पट्टा आला; गुंडाळ्यांतून एक पट्टा तसाही जास्त निघत होता. त्याच्या होडीचा तळ त्यांनी बरोबर त्या रेघेच्या पातळीवर बसवला, रेघेच्या उजव्या अंगाला, आणि तिथून खोलीची फेरी सुरू झाली.

मी दोरीवरून पाहत होतो. भिंतीचा कागद कडेला कड भिडवून लावतात. पण मास्तर पडले शिंपी. दोन तुकडे जोडायचे म्हणजे शिवणीला अर्धा इंच धरायचा, हे त्यांच्या हातालाच ठाऊक. प्रत्येक पट्टा त्यांनी आधीच्या पट्ट्यावर अर्धा इंच चढवला. कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, नाहीतर उसवेल की! दोन दिवस बापलेक राबले. धुकं भिंतींवर चढत गेलं, कोपऱ्यातून वळलं, खिडकीखालून वाहत गेलं. खोलीभर तळं पसरलं आणि मला तर डुलकीच लागली.

जाग आली ती भिंगरीच्या आवाजाने. "बाबा, भिंत उरली!"

सोळा पट्ट्यांचे सोळा अर्धे इंच. फेरी जिथे सुरू झाली तिथेच संपायची होती, आणि तिथे छतापासून जमिनीपर्यंत वीतभर भिंत पांढरीच्या पांढरी राहिली होती. बरोबर आईच्या खुर्चीसमोर! गुंडाळ्या संपल्या होत्या. आई दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मास्तर स्टुलावरच बसले. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला माझ्या फाटण्याचं दुःख वाटेनासं झालं.

"एवढ्या खोलीत पांढरं उरायचं, तर नेमकं इथंच उरावं?" ते म्हणाले.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. "हा आहे की."

"तो वरून फाटलाय बेटा. फाटकं वर दिसेल."

"मग उलटा लावू या. फाटकं खाली जाईल, कपाटामागे. कपाट बुटकं आहे, पण तेवढं झाकेल."

मास्तरांनी मान हलवली. "उलटं कापड मी आजवर कुणाला शिवून दिलं नाही. होडी पालथी होईल. आधीच तिचं मन धड नाही. बुडालेली होडी दाखवायची का तिला?"

भिंगरीने मला दोरीवरून काढलं, उलटं करून भिंतीला लावलं आणि मान तिरकी करून बघितलं. "बुडाली नाही, बाबा. पाण्यात सावली पडलीय."

मास्तरांनीही मान तिरकी करून पाहिलं. मग उठले आणि त्यांनी मला होडी मधोमध येईल असं वीतभर रुंद कापलं. स्टुलावर चढून मला वर-खाली सरकवत राहिले. खालून भिंगरी, पुसट रेघेकडे लक्ष न जाता नुसत्या होड्यांवर डोळा ठेवून, सांगत होती, "अजून खाली... थोडं वर... बस्स!" शेजारच्या होडीच्या तळाशी माझ्या होडीचा तळ भिडला. म्हणजे बरोबर पेन्सिलीच्या रेघेवर. ती रेघ आता पाण्याची रेघ झाली होती. वर होडी, खाली तिची सावली. मास्तरांनी माझ्यावरून तळहात फिरवला, इस्त्री केलेल्या कपड्यावरून फिरवतात तसा, आणि रेघ माझ्या पाठीमागे कायमची झाकली गेली.

सकाळी आई आली. दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, आमच्यातलंच थोडं धुकं उठून उभं राहिलंय, इतकी ती फिकी होती. तिने भिंतीवरून बोट फिरवलं. बोट दर हातावर उंचवट्याला अडत होतं. "अहो, भिंतीला शिवण घातलीत?"

मास्तर ओशाळले. "घट्ट बसावं म्हणून."

ती खुर्चीत बसली. समोर सूप आणि पाव. तिने वर पाहिलं मात्र, तिची नजर थेट माझ्यावर आली. वर नाही, खाली नाही, अगदी रेघेवर. मास्तर आणि भिंगरी श्वास रोखून बसले होते. मीही.

"ही एकच होडी अशी का?"

"ती सावली आहे," भिंगरी म्हणाली.

"असं होय." आई पाहत राहिली. मग ती त्या तळ्यावर कुठे निघून गेली, ते तिचं तिला ठाऊक. चमचा आपोआप वाटीत जात होता आणि तोंडाकडे येत होता. वाटी रिकामी झाली तरी ती पाहतच होती. मास्तर उठून घाईघाईने स्वयंपाकघरात गेले. आणखी सूप आणायला गेले म्हणावं, तर वाटी टेबलावरच राहिली होती.

आईला परत इस्पितळात जावं लागलं नाही.

पुढची वर्षं माझ्या सुखाची होती. पाहुणे यायचे, कौतुक करायचे, आणि एखादा हुशार म्हणायचा, "मास्तर, एक पट्टा उलटा लागलाय बरं का!" मग ते तिघं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचे. घरात एक रीतच पडली. ज्याचं मन खट्टू असेल, त्याने सावलीसमोरच्या खुर्चीत बसायचं. भिंगरी गणितात नापास झाली तेव्हा बसली. लग्न करून दूर जायच्या आदल्या दिवशी बसली. मास्तरांचे डोळे अधू झाले आणि सुईत दोरा जाईना, तेव्हा तेही येऊन बसले. मी कोणाला काही सांगितलं नाही. नुसता समोर राहिलो.

मग एका दुपारी शिलाईचं मशीन चालता चालता थांबलं, ते पुन्हा चाललं नाही.

मास्तर गेले आणि खोलीचा जीवच गेला. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खायची. टेबलावर रद्दी साचली, औषधांच्या बाटल्या आल्या. खिडकीकडचे पट्टे पोपडे धरून लोंबू लागले, कंदील पिवळ्याचे तपकिरी झाले. माझ्याकडे कोणी बघेना. उलटं असल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, कारण आईचा रिकामा चेहरा दारातून ओझरता दिसायचा, आणि उलट्या बाजूने पाहिला तरी तो हसरा दिसत नव्हता.

गेल्या महिन्यात भिंगरी आठ दिवसांसाठी आली. आता तिचेही केस पिकू लागलेत. तिने बादलीभर रंग आणला, स्पंज आणला, खरवडायची पत्री आणली. "आई, तू वाळत चाललीयस. ही खोली बघून कोणाला भूक लागेल? कागद काढून टाकते."

"काढ," आई आतून म्हणाली. "मी कुठं बसते तिथं."

तीन दिवसांत सगळं तळं उतरलं. ओल्या कागदाचे गोळे होऊन टोपलीत गेले. माझ्यापाशी येऊन भिंगरी थबकली, पण म्हणाली, "एकटा तू राहून काय करशील?" आणि तिने वरचा कोपरा धरला. मी सोलला जात खाली आलो. दुखलं नाही, झोपेत कोणी पांघरूण ओढावं तसं वाटलं. मी मधोमध आलो आणि तिचा हात थांबला.

भिंतीवर पेन्सिलीची रेघ होती. खाली बापाचं अक्षर. 'हिची नजर, खुर्चीत बसल्यावर.'

"आई!" तिने अशी हाक मारली की आई हातातली ताटली घेऊन तशीच आली. आईने वाचलं. पुन्हा वाचलं. मग रद्दी बाजूला सारली, खुर्ची ओढली आणि बसली. रेघ तिच्या डोळ्यांच्या दोन बोटं वर गेली होती.

भिंगरी डोळे पुसत म्हणाली, "बाबांचं माप चुकलं."

"त्यांचं नाही गं चुकलं. धुऊन धुऊन कापड आटतं ना, तशी मीच आटलेय."

भिंगरी धावत जाऊन मास्तरांनीच चिंध्या भरून शिवलेली जुनी उशी घेऊन आली आणि तिने ती आईच्या खाली सरकवली. आईने समोर पाहिलं. नजर रेघेवर आली, अगदी बरोबर. ती तशीच बसून राहिली, आणि मी अर्धा सुटलेला, तिच्यासमोर लोंबत होतो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काही खायला आहे का गं?"

भिंगरीने मला पुन्हा खळ लावून चिकटवलं. आता चारी भिंती फिक्या निळ्या आहेत आणि मी त्यात एकटाच, वीतभर, सुरकुतलेला, अजून उलटा. मित्रांनो, जुन्या वस्तू कधीतरी काढाव्याच लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच मागतो, ओरबाडू नका. हळूहळू सोडवा, आणि मागे काय आहे ते वाचून घ्या. कोणीतरी कोणासाठी तरी माप घेतलेलं असतं, आणि सांगायचं राहून गेलेलं असतं.

आता थांबतो. जेवायची वेळ झाली. उशी थोपटून खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला.