उपलब्ध

तपासणीच्या सकाळी अकोसिता सिस्टरनं ऑपरेशन थिएटरमधल्या मायक्रोस्कोपवरचं मासी काढलं आणि घडी घातली. झाडाच्या सालीचं ते नक्षीदार कापड यंत्र देणगी मिळालं त्या समारंभात मंत्र्यांनी स्वतः त्यावर घातलेलं. एरवी त्याला कोणी हात लावत नसे.

"पुसून घे गं लोसा. पाहुण्यांना धूळ दिसायला नको."

"मग काय दिसणार आहे, नेई? त्यातून दुसरं काही दिसतंय थोडंच!"

लोसालिनी नेत्रशल्यचिकित्सेच्या दुसऱ्या वर्षाला होती. सिस्टरला ती 'नेई', म्हणजे आत्या, म्हणे. व्हानुआ लेवू बेटावरच्या या इस्पितळातलं तिचं तीन महिन्यांचं पोस्टिंग आज संपत होतं. राजधानी सुवाहून निघताना तिला मोतीबिंदूची चाळीस ऑपरेशनं सांगितली होती. एकही झालं नव्हतं. मायक्रोस्कोपचा बल्ब जाऊन चौदा महिने झाले होते. नव्यासाठी तीनदा अर्ज गेला आणि तीनदा परत आला. मागच्या तपासणीत यंत्र 'उपलब्ध' लिहिलंय, मग बल्ब कशाला?

रद्द झालेल्या ऑपरेशनांच्या यादीत सतरावं नाव तिच्या वडिलांचं होतं. पाच आठवड्यांपूर्वी गावच्या धक्क्यावर, बोट लागली असं समजून त्यांनी पाऊल पुढे टाकलं. बोट अजून वावभर लांब होती.

विभागप्रमुख डॉ. राजूंनी तिला बाजूला घेतलं. "बेटा, तपासणीच्या फॉर्मवर सही करून टाक. पोस्टिंग बंद झालं तर इथं कोण येणार? तुझेही तीन महिने फुकट जातील."

"गेलेतच की, सर."

"तुझं दुःख मला कळत नाही का..."

"दुःखाचं राहू द्या. बल्बचं बोला."

तपासणीसाठी ऑकलंडहून आलेले डॉ. व्हिटेकर फॉर्म घेऊन आत आले. "मायक्रोस्कोप?"

"उपलब्ध," राजू म्हणाले. व्हिटेकरांनी तसं लिहिलं.

लोसालिनीनं स्टूल पुढे ओढलं. "उभे का, सर? बसा. बघा तरी."

पाहुण्याला नाही म्हणता येईना. ते बसले, डोळे लावले. तिनं बटण दाबलं. त्यांनी चाकं फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा डोळे लावले.

"काहीच दिसत नाहीये."

"बघा अजून थोडा वेळ. इथली माणसं वर्ष-वर्ष असंच बघतायत."

लोसालिनीनं आपली नोंदवही व्हिटेकरांसमोर उघडली. केलेली ऑपरेशनं: शून्य. मग फॉर्म ओढून घेतला, 'उपलब्ध' खोडलं, वर 'चौदा महिने बंद' लिहिलं आणि खाली सही केली.

व्हिटेकरांनी तिच्या सहीशेजारी आपली सही केली.

ते गेल्यावर सिस्टरनं यंत्र पुन्हा झाकायला मासी उलगडलं.

"राहू दे, नेई." लोसालिनीनं ते तिच्या हातून काढून घेतलं. "बाबांच्या शवपेटीवर असंच घातलं होतं. हे यंत्र मेलेलं नाही. त्याला फक्त बल्ब हवाय."