सवतीची मापं

मी सवत बोलतेय. दचकू नका, कुणाचा संसार मोडलेला नाही मी. शिंप्याच्या दुकानात कपडे चढवून बघायला ठेवतात ना, ती बिनडोक्याची, बिनहातांची डमी, ती मी. लोखंडी दांड्यावर उभी असते, म्हणजे कायम एका पायावर तयार! तोंड नसताना बोलते कशी, हे मात्र विचारू नका. मलाही ते ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची थोडी भीतीच वाटते.

माझा जन्म मास्तरांच्या लग्नानंतर महिन्याभरात झाला. दुकान नवीन, बायको नवीन. बायकांचे कोट आणि झगे शिवायचे, तर डमी हवी. मास्तरांनी बायकोला जुन्या चादरीत गुंडाळून उभं केलं आणि वरून खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. सकाळपासून दुपारपर्यंत बिचारी उभी!

"अहो, नाक खाजतंय."

"हलू नकोस. माप बिघडेल."

त्यावर ती जी हसत सुटली! त्या हसण्यानं डाव्या बरगडीखाली एक चुणी पडली, ती माझ्या अंगावर अजून आहे. कागद वाळल्यावर मास्तरांनी पाठीवर कात्री चालवून मला तिच्या अंगावरून उतरवलं, आत कापूस भरला, वर जाड कापड शिवलं. तिनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "घ्या! वर्ष झालं नाही आणि सवत आणली घरात."

तेच माझं नाव पडलं.

दरवर्षी लग्नाच्या वाढदिवशी मास्तर टेप घेऊन बायकोचं माप घेत. मग माझी पाठ उसवून तेवढाच कापूस घालत किंवा काढत. मुलगी पोटात होती तेव्हा तर महिन्या-महिन्याला माझं पोट वाढवलं. मुलगी झाली आणि एका दुपारी त्यांनी तो सगळा कापूस काढून घेतला. तिच्या मांडीवर बाळ, आणि मी रिकामी. फार वाईट वाटलं मला. कापसाच्या बाईला वाईट वाटतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

पुढची तीस वर्षं दोघं दुकानाच्या त्या एका खोलीत राबली. ते कापायचे आणि मशीन चालवायचे, ती काजं करायची, बटणं लावायची. भांडण झालं की मास्तर माझ्याकडे तोंड करून बोलायचे. "बघ, हिला काही सांगायची सोय नाही." कोपऱ्यातून तिचा आवाज यायचा, "तुम्हाला तीच बरी. उलटून बोलत नाही!" पाचव्या मिनिटाला दोघं एकाच ताटात जेवत असायची.

पण एक गोष्ट त्यांना तेव्हा कळली नाही. ती घरी जिना चढताना धापा टाकू लागली की इथे दुकानात माझी शिवण करकरायची. तिचा गुडघा सुजला तेव्हा माझा दांडा वाकडा झाला. मास्तरांनी तो हातोडीनं ठोकून सरळ केला. गुडघा काही सरळ झाला नाही.

मग ते वर्ष आलं. मास्तर माझ्या अंगावर एक कोट चढवून बघत होते, तो कमरेत सैल पडला. टेप लावली. चौतीसची मी बत्तीस भरले.

"कापूस दबलाय," मास्तर म्हणाले. पाठ उसवली, दोन मुठी घातल्या, शिवून टाकलं.

आठ दिवसांत मी पुन्हा बत्तीस.

"म्हातारी झाली बिचारी." पुन्हा कापूस. तिसऱ्या वेळी तर इतका ठासून भरला की माझे टाके तटतट तुटले. अहो मास्तर, कापूस नाही दबला हो! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण आकसण्याशिवाय मला दुसरी भाषा कुठे येते?

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "अहो, हल्ली माझे कपडे सैल होतायत. बघता का जरा?"

"वाढदिवस आलाच की चार महिन्यांवर. तेव्हा घेऊ माप. आत्ता कामाचा डोंगर पडलाय."

चार महिन्यांनी त्यांनी तिच्या कमरेला टेप लावली. काढली. पुन्हा लावली. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरू शकत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी यायला हवं होतं."

ती गेल्यावर मास्तरांनी माझी पाठ उसवली. नंतर भरलेला कापूस मूठ मूठ काढून मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखे रडले. "तिला सोडून तुला भरत बसलो गं मी," म्हणाले. मग माझ्यावर चादर टाकली. ती सहा वर्षं कुणी काढली नाही.

सहा वर्षांनी चादर काढली ती मुलीनं. आता दुकान तीच चालवते. अंगानं हुबेहूब आईवर गेलीय, म्हणून तिनं मला स्वतःच्या मापाची करून घेतलं. मास्तरांना दिसत नाही फारसं. खिडकीशी बसून अंदाजानं बटणं लावतात. मुलीला त्यांनी कापसाची गोष्ट कधी सांगितली नाही. लाज वाटते त्यांना.

आणि गेल्या महिन्यापासून मी पुन्हा आकसतेय.

आधी अर्धा इंच. आज सकाळी दोन. मुलीनं टेप बघितली आणि कपाटातून कापूस काढला. "बाबा, हिचा कापूस दबलाय वाटतं. भरून टाकते."

खिडकीशी मास्तरांची सुई थांबली.

मी सगळी शक्ती एकवटली आणि पाठीचा एक टाका तोडला. तट्!

"ठेव तो कापूस खाली!" मास्तर उठले. खुर्चीला अडखळत, भिंत धरत आले. "टेप दे. इकडे ये."

"अहो बाबा, माझं कशाला? केवढं काम पडलंय..."

"आत्ता!"

त्यांनी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली, अंगठा आकड्यावर दाबून धरला. "मला दिसत नाही. तू वाच."

ती हसत खाली वाकली. आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि तिचं हसू मावळलं.

मास्तर, आता तरी ऐका. माझी पाठ उसवलेलीच राहू द्या. काम पडून राहू द्या, कोट पडून राहू द्या. दुकानाला कुलूप लावा आणि तिला आजच घेऊन जा. चार महिने नाही झालेले अजून, एकच झालाय. मी कुठे जात नाही. इथेच उभी राहून माझी कंबर सांभाळते. तेवढं जमेल मला.