उशिरा पेरणी, साधं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला कापून काढलं, पांढरा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, 'उशिरा पेरणी, साधं पाणी'. रंगारी घाईत होता. त्यामुळे अक्षरांना ओघळ आले, ते आजही आहेत.

मोहरीवर प्रयोग चालायचे त्या शेतात मला काठीला बांधून उभं केलं. तिथे सहा वाफे होते. प्रयोग करणाऱ्या ताईंनी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा मोहरी पेरली होती आणि प्रत्येक पेरणीचे दोन वाफे केले होते. फुलोऱ्याआधी आणि शेंगा भरताना एका वाफ्याच्या पानांवर जस्त-बोरॉन या पोषक द्रव्यांचं द्रावण फवारायचं, दुसऱ्यावर नुसतं पाणी. कशाने किती फरक पडतो ते तीन वर्षं बघायचं होतं.

माझ्या वाट्याला शेवटचा वाफा आला. वेळेवर पेरलेली मोहरी माणसाच्या खांद्याला लागायची. माझी रोपं मात्र कोवळी असतानाच कडक थंडीत सापडायची आणि शेंगा भरायच्या वेळी त्यांना ऊन भाजायचं. पाहुणे यायचे, पहिल्या वाफ्यापाशी फोटो काढायचे आणि माझ्याजवळ पोचले की घड्याळ बघायचे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

फवारणीचं काम पंपमावशीकडे होतं. पाठीवर पंप आणि तोंडाने बडबड, दोन्ही दिवसभर चालू. तिसऱ्या वर्षी ती माझ्या वाफ्यापाशी थबकली.

"काय गं बाई, शेजारणीला औषध आणि तुला पाणी? आमचं धाकटंही उशिराच झालं. उशिरा आलं म्हणून काय उपाशी ठेवायचं?"

शेजारच्या वाफ्याचं उरलेलं द्रावण तिने माझ्या रोपांवर फवारलं. दोन्ही वेळा. माझी रोपं अशी काही तरारली की पाहुणेसुद्धा थांबायला लागले. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

कापणीनंतर ताईंनी खोलीत दाणे तोलले. मी भिंतीला टेकून उभी होते.

"मावशी, गंमत बघा," ताई म्हणाल्या. "दोन वर्षं फवारणीने फरक पडला आणि यंदा उशिराचे दोन्ही वाफे सारखेच. उशिराच्या पेरणीला फवारणीचा भरवसा नाही, असंच लिहावं लागणार."

मावशीचा चेहरा उतरला. गप्प बस, मावशी, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. माझं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं.

"ताई, लिहू नका," मावशी म्हणाली. "माझा भाऊच दरवर्षी उशिरा पेरतो. तुमचं ऐकून तो फवारणी सोडेल. तुमच्या पाण्याच्या वाफ्याला मी औषध मारलंय."

"अहो मावशी! माझं अख्खं वर्ष गेलं!"

"गेलं. माझ्याच हातानं गेलं. उद्यापासून दुसरी बाई बघा."

ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग वहीतल्या आकड्यांवर त्यांनी काट मारली.

"दुसरी कुठून आणू? दुसरी असती तर बोललीच नसती."

चौथ्या वर्षी सगळं पुन्हा पेरलं. मावशी पाण्याचा पंप घेऊन आली आणि एकेक पान न्याहाळत फवारत राहिली. "रागावू नकोस हं," ती रोपांना म्हणाली, "तुझ्यावरूनच बाकीच्यांचं कळतं." ते ऐकलं आणि माझा इतक्या वर्षांचा राग गेला.

त्या वर्षी उशिराच्या पेरणीत फवारलेल्या वाफ्याने माझ्यापेक्षा चांगले दाणे दिले. वेळेवरच्या मोहरीची बरोबरी मात्र त्यालाही जमली नाही. हुकलेली वेळ कुठलंही औषध परत आणत नाही, रोपाला थोडा हात देतं एवढंच.

माझा ढीग सगळ्यात लहान होता. तोलताना त्यातले थोडे दाणे जमिनीवर सांडले. मावशी गुडघे टेकून बसली, फरशीच्या फटीतून एकेक दाणा वेचला आणि ताईंच्या तळहातावर ठेवला.

"हेही धरा, ताई. आता जास्त नको आणि कमीही नको."

मित्रांनो, जे कमी भरेल त्यालाही असंच जपा.